मधला पत्रा

हे मनन सावकाश वाचायचं आहे. परिच्छेद संपला की एक-दोन श्वास थांबा. मन भरकटलं तर त्याला ओढून आणू नका. आपणहून परत आलं की पुढे वाचा. मनात धरायला आपण एक रेल्वे घेतली आहे. लोखंडाची, जड, एका शहराच्या रोजच्या उपयोगाची, आणि आता नसलेली.

शहर लिव्हरपूल, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं बंदर. मर्सी नदीच्या काठाने तिथे एकापुढे एक गोद्या आहेत, मैलच्या मैल. गोद्यांच्या कडेने रस्ता, आणि त्या रस्त्याच्या वर, लोखंडी खांबांवर तोललेली ओव्हरहेड रेल्वे. ४ फेब्रुवारी १८९३ रोजी लॉर्ड सॅलिसबरी यांनी तिचं उद्घाटन केलं. ३० डिसेंबर १९५६ च्या रात्री ती बंद झाली. मधली जवळजवळ चौसष्ट वर्षं ती धावली.

खांबांवरून जाणारी आणि विजेवर चालणारी ती जगातली पहिली रेल्वे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अशाच उंच रुळांवरून कोळशाची इंजिनं धावत होती, आणि खालच्या रस्त्यावर राख नि ठिणग्या पडत होत्या. लिव्हरपूलने वीज निवडली, कारण खाली गोद्या होत्या. कापसाच्या गाठी, लाकडाच्या राशी, जहाजांचे दोर. एक ठिणगी पुरे झाली असती. सर डग्लस फॉक्स आणि जेम्स हेन्री ग्रेटहेड या अभियंत्यांनी धूर न सोडणारी गाडी उभी केली. खाली असलेल्यांना आपल्यामुळे इजा होऊ नये, ही काळजी या रेल्वेच्या जन्मातच होती. एवढी गोष्ट मनाशी धरून ठेवा. पुढे ती लागेल.

वरून

आता गाडीत बसा. सुरुवात दक्षिण टोकापासून करू. तिथलं डिंगल हे स्थानक जमिनीखाली आहे. साऱ्या मार्गावर तेवढं एकच. काही वेळ बोगद्याचा अंधार, मग गाडी कड्याच्या पोटातून उजेडात येते आणि नदी एकदम समोर पसरते.

डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. खाली एक भिंत दिसेल. एकोणिसाव्या शतकात जेसी हार्टली या गोदी-अभियंत्याने ग्रॅनाइटचे ओबडधोबड दगड एकमेकांत बसवून अशा भिंती उभारल्या. माल चोरीला जाऊ नये म्हणून बांधलेल्या या भिंती इतक्या उंच, की रस्त्यावरच्या माणसाला पलीकडचं काही दिसत नाही. लिव्हरपूल ज्या बंदरावर जगत होतं, ते बंदर लिव्हरपूलच्या पायी चालणाऱ्या माणसापासून झाकलेलं होतं.

गाडीतून मात्र सगळं दिसतं. अटलांटिक ओलांडून आलेली मोठी प्रवासी जहाजं, त्यांची धुराडी, शिडांचे उरलेसुरले डोलखांब, क्रेनच्या माना, गोणी, पिंपं, गाठी. शाळकरी पोरं, कारकून, सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन आलेला कामगार, सगळे त्याच खिडकीतून बघतात. जहाजं बघायला या, अशी जाहिरात कंपनी करायची, आणि नुसती जहाजं बघण्यासाठी तिकीट काढणारे लोकही होते. भरभराटीच्या काळात वर्षाला दोन कोटींच्या आसपास प्रवासी या गाड्यांतून गेले.

१८९७ साली ल्यूमिएर बंधूंचा कॅमेरामन अलेक्झांद्र प्रोमिओ इथे आला आणि त्याने धावत्या गाडीतून या गोद्यांचं चित्रीकरण केलं. चालत्या वाहनातून टिपलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रफितींमध्ये त्यांची गणना होते. त्या चित्रफिती आजही पाहता येतात. त्यांत जहाजं सरकत जातात. खरं तर सरकत असते ती बघणाऱ्याची जागा.

या खिडकीतून दिसणाऱ्या बोटींमध्ये मुंबईच्या बोटीही होत्या. लिव्हरपूल आणि मुंबई यांचा संबंध कापसाचा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारातल्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला. रेल्वे नंतर आली, पण बोटींची ये-जा चालू राहिली. त्यांच्यावर आपल्या कोकण किनाऱ्यावरचे खलाशी असायचे, मुदपाकखान्यात गोव्याची माणसं असायची. गोदीत बोट लागली, की थंडीत डेकवर उभ्या असलेल्या त्या माणसांना वरून ही गाडी जाताना दिसत असेल.

इथे थांबा. खिडकीतून बघणाऱ्याचं मन कसं आहे, ते जाणवू द्या. तो दूर बघतो आहे. पायाखाली काय आहे हा प्रश्न त्याच्या मनात नाही, आणि तो यावा असं काही घडलेलंही नाही.

खालून

आता जिना उतरून रस्त्यावर या. पाऊस आहे. लिव्हरपूलला त्याचं नवल नाही. नदीवरून वारा येतो आणि पाऊस तिरपा मारतो.

सकाळची वेळ. गोदीच्या कामगारांना तेव्हा कायमची नोकरी नसे. रोज ठरलेल्या जागी उभं राहायचं, मुकादमाने निवडलं तर अर्ध्या दिवसाचं काम, नाहीतर दुपारच्या पाळीसाठी पुन्हा उभं राहायचं. एका गोदीत काम मिळालं नाही तर पुढच्या गोदीत विचारायला चालत जायचं. घरी चूल आहे, खिशात काही नाही, आणि अंगावरचा कोट भिजला तर दिवसभर तोच घालून राबायचं आहे.

ही माणसं रेल्वेच्या खालून चालत. न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या उन्नत मार्गांना नुसत्या लाकडी पट्ट्या असत. त्यांच्या फटींतून पाणी, तेल, राख खाली गळायची. इथे रुळांखाली लोखंडी पत्र्यांची सलग जमीन होती. तिच्यामुळे खालचा पट्टा कोरडा राहायचा, मैलोन्‌मैल. तिकीट लागायचं नाही, कुणाची परवानगी लागायची नाही. लोकांनी या रेल्वेला नाव दिलं: गोदी कामगारांची छत्री. कंपनीच्या कागदावर हे नाव नव्हतं, पण शहराने ते लक्षात ठेवलं, आणि आजही लिव्हरपूलमध्ये या रेल्वेची आठवण निघते ती याच नावाने.

क्षणभर त्या छत्रीखाली उभे राहा. वरून गाडी जाते, खांब थरथरतात, पाऊस पत्र्यावर वाजतो. बाजूला घोड्याची गाडी उभी आहे. कुणीतरी आडोशाला विडी पेटवतो. जो इथे उभा आहे त्याने ही छत्री बांधलेली नाही, तिचे पैसे भरलेले नाहीत, आणि तरी ती त्याची आहे. आसऱ्यावर असा हक्क सांगता येतो. तो हक्क खोटा नाही. त्याला नाकारू नका, फक्त बघा.

मधून

वर बसणारा दूर बघत होता. खाली चालणारा समोर बघत होता. आता या दोघांच्या मधली गोष्ट बघू: तो लोखंडी पत्रा.

पत्रे कमानीसारखे वाकवलेले, एकमेकांना रिव्हेट मारून जोडलेले. वरच्या अंगाने त्यांच्यावर पावसाचं पाणी झिरपतं. आता खालचं अंग. गोद्यांची स्वतःची मालगाडी होती, आणि तिचे रूळ रस्त्यावरून जात. मार्गाच्या कितीतरी भागात ते थेट या पुलाखालूनच जात. त्या मालगाड्या ओढायला कोळशाची इंजिनं. इंजिन पुलाखाली आलं की धुराड्यातून धूर आणि वाफ सरळ वर जायची आणि पत्र्याला लागायची.

कोळशाच्या धुरात गंधक असतं. ओलाव्यात मिसळलं की त्याचं आम्ल होतं, आणि ते लोखंड खातं. एका दिवसात काही दिसत नाही. एका वर्षातही नाही. काजळीचा थर बसतो, त्याखाली गंज, पुन्हा काजळी. सहा दशकं रोज हेच.

आता ती सुरुवातीची गोष्ट आठवा. वरच्या गाडीने विजेची निवड केली, ती खालच्यांवर ठिणगी पडू नये म्हणून. वरून खाली धूर गेला नाही. खालून वर जात राहिला.

इथे दोष शोधायची घाई करू नका. इंजिन चालवणारा माणूस आपलं काम करत होता. त्याने ओढलेल्या मालावर शहर जगत होतं, आणि तो मालही पावसात त्याच पत्र्याखालून जात होता. त्याच्या मनात पत्र्याचं वाईट करायचं नव्हतं. पत्रा त्याच्या मनातच नव्हता. पाच श्वास या एकाच गोष्टीपाशी थांबा: जे आपल्याला झाकतं, त्याच्याचकडे आपला धूर आधी जातो, कारण तेच सगळ्यांत जवळ असतं.

सात रात्री

मे १९४१ च्या पहिल्या आठवड्यात जर्मन विमानांनी लिव्हरपूलवर रात्रीमागून रात्री बॉम्बफेक केली. हस्किसन गोदीत मलाकंद नावाचं जहाज उभं होतं, पोटात सुमारे हजार टन दारूगोळा. त्याला आग लागली आणि त्याचा स्फोट झाला. लोखंडाचे तुकडे मैलभर लांब जाऊन पडले. त्या हल्ल्यांत ओव्हरहेड रेल्वेचंही मोठं नुकसान झालं.

ते दुरुस्त केलं गेलं. युद्ध चालू असताना, लोखंडाची चणचण असताना, माणसांची चणचण असताना. गाड्या पुन्हा धावू लागल्या, कारण गोद्यांवर देशाचं अन्न यायचं होतं आणि गोद्यांवर माणसं पोचायला हवी होती.

हे दोन प्रसंग मनात शेजारी ठेवा. बॉम्बने मोडलेला पूल उभा राहिला. काजळीने खाल्लेला पूल राहिला नाही. एका रात्रीत पडलेलं भगदाड सगळ्यांना दिसतं, त्याच्यापुढे सगळे एकत्र उभे राहतात. साठ वर्षांत पातळ झालेला पत्रा दिसण्यासाठी कुणीतरी मुद्दाम खाली वाकून, मान वर करून, हातात दिवा घेऊन बघावं लागतं.

हिशेब

तसं बघितलं गेलं, १९५० च्या दशकाच्या मध्यावर. तपासणीचा निष्कर्ष असा निघाला की पत्र्यांची जमीन बदलावी लागेल, काही वर्षांतच, आणि खर्च येईल सुमारे २० लाख पौंड.

रेल्वे कंपनी खासगी होती. १९४८ साली ब्रिटनच्या बहुतेक रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा ही मात्र बाहेरच राहिली. एवढी रक्कम तिच्याकडे नव्हती आणि तिकिटांतून उभी राहण्यासारखीही नव्हती. तिने शहराच्या कॉर्पोरेशनकडे बघितलं. गोद्या चालवणाऱ्या मर्सी डॉक्स अँड हार्बर बोर्डाकडे बघितलं. पैसे कुणाकडूनच आले नाहीत.

प्रवासी कमी झाले म्हणून ही रेल्वे बंद पडली असं मनात असेल, तर ते काढून टाका. माणसं शेवटपर्यंत तिच्याने कामावर जात होती.

आता त्या हिशेबाच्या मेजापाशी बसा, आणि एकेकाच्या खुर्चीत बसून बघा. कंपनीच्या खुर्चीत: तिजोरीत नाही ते आणायचं कुठून? शहराच्या खुर्चीत: खासगी कंपनीच्या पुलावर करदात्यांचा पैसा का घालायचा? बोर्डाच्या खुर्चीत: प्रवाशांची ने-आण हे आमचं काम आहे का? प्रत्येक खुर्चीतून प्रश्न रास्त वाटतो. म्हणूनच हा हिशेब कठीण आहे.

मेजाभोवती न आलेलेही काही जण होते. खिडकीतून जहाजं बघणारा आला नव्हता. पावसात खालून चालणारा आला नव्हता, आणि आला असता तरी त्याच्या खिशात काही नव्हतं. साऱ्यांना मिळणारी गोष्ट अशी एकेकाच्या वहीत शोधली, तर कुठल्याच वहीत सापडत नाही. कंपनीच्या वहीत छत्रीचं उत्पन्न शून्य होतं. शहराच्या वहीत छत्रीचा खर्च शून्य होता. छत्री मात्र होती.

शेवटची रात्र

३० डिसेंबर १९५६, रविवार. दोन्ही टोकांकडून शेवटच्या गाड्या सुटल्या. डबे भरलेले होते: कंपनीचे कामगार, निरोप द्यायला आलेले शहरवासी.

त्या गर्दीबद्दल मनात कडवटपणा येऊ देऊ नका. आधी कुठे होतात, असं विचारणं सोपं आहे. पण ती माणसं रोज तिथेच होती. रोज तिकीट काढत होती, रोज खालून जात होती. त्यांचं प्रेम त्या रात्री उगवलेलं नव्हतं. त्या प्रेमाला पत्र्यापर्यंत पोचायची वाट कुणी करून दिली नव्हती. प्रेम आणि देखभाल यांच्यामध्ये एक काम असतं: विचारपूस, तपासणी, वर्गणी, भांडण, पाठपुरावा. तेवढं राहून गेलं, आणि त्यामुळे डब्यात भरलेला सारा जिव्हाळा त्या पत्र्याच्या काहीच कामाचा नव्हता.

नंतर

दुसऱ्या दिवसापासून खालच्या रस्त्यावर बस. मालगाड्या, ट्रक आणि फाटकांच्या गर्दीतून जाणारी बस रेल्वेइतकी वेगात जाणार नव्हती. सप्टेंबर १९५७ मध्ये पाडकाम सुरू झालं. १९५९ उजाडेपर्यंत जवळजवळ सगळं उतरवून झालं आणि लोखंड भंगारात गेलं. ग्रॅनाइटची भिंत राहिली, आणि भिंतीपलीकडचं बंदर शहराला रोज दाखवणारी खिडकी गेली.

थोडंसं उरलं. वॉपिंगजवळ भिंतीत अडकलेले काही खांब उभे आहेत. डिंगलच्या भुयारी स्थानकात वर्षानुवर्षं मोटारदुरुस्तीचं गॅरेज चाललं. २०१२ साली त्या बोगद्याच्या छताचा एक भाग कोसळला. लिव्हरपूलच्या संग्रहालयात, २०११ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत, एक मूळ डबा ठेवला आहे. तो जमिनीवर ठेवलेला नाही. पूर्वी जितक्या उंचीवरून धावायचा, तितक्याच उंचीवर उभा केला आहे.

इथे एक प्रामाणिक शंका येईल, येऊ द्या. पंधरा-सोळा वर्षांतच, १९७२ साली, लिव्हरपूलच्या दक्षिणेकडच्या गोद्या बंद झाल्या. माल कंटेनरमधून येऊ लागला, त्यासाठी उत्तरेला सीफोर्थची नवी गोदी झाली, आणि हजारो हातांचं काम क्रेननी घेतलं. तेव्हा २० लाख पौंड खर्चून वाचवलेली रेल्वे पुढे रिकामीच धावली असती का? आणि लगेच दुसरी बाजू: याच मार्गालगतच्या ब्रॅमली-मूर गोदीत २०२५ साली एव्हर्टन फुटबॉल क्लबचं भलंमोठं मैदान उघडलं. सामन्याच्या दिवशी हजारो माणसं आता त्याच रस्त्याने चालत जातात.

दोन्ही शक्यता हातात धरा आणि कुठलीच घट्ट पकडू नका. पुढचं काय होणार, हे १९५६ साली कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होती ती जानेवारी १९५७ मधली पहिली सकाळ, आणि त्या सकाळी कामावर जायचं असलेली माणसं. दुरुस्ती करायची की नाही, हे ठरवताना भविष्याचा अंदाज बांधावाच लागतो. पण आज कोण टेकून उभं आहे, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारावा लागतो.

आता आपल्याकडे

लिव्हरपूल सोडा. श्वास पुन्हा संथ होऊ द्या, आणि तुमच्या जगण्यातली एक गोष्ट निवडा, जिच्यावर तुम्ही रोज टेकता आणि जिच्याकडे रोज बघत नाही. गावातलं वाचनालय असेल, पाण्याची योजना असेल, सोसायटीची टाकी असेल. एखादी संस्था असेल, जिची बैठक तुम्ही टाळता. एखादं माणूसही असेल, ज्याच्या जिवावर घर चालतं. एकच निवडा, आणि मनातल्या मनात तिचं नाव घ्या.

आधी वरून बघा. या गोष्टीमुळे तुम्हाला काय दिसतं, कुठे पोचता येतं, जे एरवी भिंतीआड राहिलं असतं? सावकाश आठवा.

मग खालून बघा. ही गोष्ट तुमच्यावर काय पडू देत नाही? तिच्याखाली तुमच्याशिवाय आणखी कोण उभं आहे, एक पैसाही न देता? त्यांचे चेहरे आठवा. त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

आता मध्ये बघा. इथे जास्त वेळ लागेल. तुमच्या रोजच्या, साध्या, वाईट हेतू नसलेल्या वागण्यातलं काय तिथे वर जाऊन साचतं आहे? माणूस निवडलं असेल तर कामाचा शीण, चिडचिड, गृहीत धरणं. संस्था असेल तर गैरहजेरी, थकलेली वर्गणी, ‘बघतील कुणीतरी’. आपला धूर आपल्याला दिसत नाही, कारण तो वर जातो आणि आपण पुढे जातो. स्वतःला शिक्षा करू नका. फक्त तो धूर ओळखा.

शेवटी हिशेब. मेजाभोवतीच्या कुठल्या खुर्चीत तुम्ही बसला आहात? तुमचा प्रश्न रास्त असेलही. तरी विचारून बघा: माझ्या वहीत या गोष्टीची नोंद कुठे आहे? नसेल तर आज एक ओळ घालता येईल. ती पैशाची असेल, वेळेची असेल, नाहीतर नुसती एका प्रश्नाची: शेवटची तपासणी कधी झाली, काय निघालं, आणि काय करायचं राहिलं आहे?

डोळे मिटले असतील तर उघडा. ज्या गोष्टीचं नाव घेतलं, तिची देखभाल कोण करतं हे या आठवड्यात कुणाला तरी विचारा. ठरलेल्या माणसाचं नाव मिळालं, तर त्याला भेटा आणि त्याला काय हवं आहे ते ऐका. नाव मिळालं नाही, सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तर ते काम तुमच्यापासून सुरू करावं लागेल. पहिली बैठक तुम्ही बोलवा.